चौथ्या इनिंगला उठून गेलेला माणूस

टेस्मर. सदतीस वर्षांचा, डावरा.
हिवाळ्यात मेहुण्याच्या दुकानात टायर बदलतो.
सकाळी कुणाची तरी पाठ धरली, म्हणून याला
तीन तासांवरच्या गावाहून बसने बोलावलं.
पाठीवरचं नाव घाईत शिवलेलं,
मधलं एक अक्षर कलंडलेलं.

एप्रिलचा वारा एरी सरोवरावरून
थेट कॉफीच्या कपात शिरत होता.
तीन इनिंगांत त्याने चौघांना फुकट पहिल्या बेसवर धाडलं,
एक चेंडू तर गेला मॅस्कॉटच्या पोटात.
मी उभा राहून ओरडलो, "घरी जा बाबा, टायर बदल!"
आजूबाजूचे दहाबारा जण हसले. बरं वाटलं.
मग घरी निघालो तो मीच.

पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर गाडीने मान टाकली.
बॅटरी.
टो-ट्रक तासाभरात येईल म्हणाले.
म्हणून मी एल्झी ट्रिमेलच्या खोपटाशी उभा,
पावती फाडणारा एल्झी, त्याचा पायाशी ठेवलेला हीटर,
आणि टेपने बांधलेला रेडिओ.

सहाव्या इनिंगनंतर निवेदक जरा हळू बोलायला लागला.
आकडे सांगायचा, एक आकडा सोडून.
एल्झीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.
दोघंही गप्प.
रात्री सापाला कुणी साप म्हणत नाही,
तसं.

सातव्यात टो-ट्रक आला. मार्वा नावाची बाई,
हातात जंपर केबल, तोंडात च्युइंगगम.
"कुठली गाडी?"
एल्झीने ओठांवर बोट ठेवलं.
तिने ऐकलं. चघळणं थांबलं.
केबल खांद्यावर तशीच ठेवून ती भिंतीला टेकली
आणि पुढच्या दोन इनिंगा तिने पाय बदलला नाही.

जिना चढून वर गेलो असतो तर
दोन मिनिटांत दिसलं असतं सगळं.
तिकीट खिशात होतं.
पण जागा सोडली आणि तिकडे काही मोडलं तर?
मी, ज्याने त्याला घरी जा म्हटलं होतं,
आता त्याच्यासाठी एका खांबाला धरून
तेलाच्या डागावर दोन पाय रोवून उभा.

नववी इनिंग. दोन बाद.
रेडिओवर टेस्मर अजून कपाळ पुसत होता
तेवढ्यात काँक्रीटच्या पलीकडून
नऊ हजार माणसांनी एकदम श्वास आत घेतला.
रेडिओ सात सेकंद मागे असतो.
कुणीतरी चेंडू जोरात मारला होता,
तो आमच्या डोक्यांवर कुठेतरी हवेत होता,
आणि इथे, टेपने बांधलेल्या पेटीत,
अजून तो त्याच्या हातातूनही सुटला नव्हता.

शांतता.
मार्वाने माझं मनगट पकडलं. अनोळखी बाई.

मग छत हललं.
पाइपांवरची धूळ पडली, दोन गाड्यांचे अलार्म वाजले,
आणि एल्झी ट्रिमेल खुर्चीवरून उठत
तासभर जिभेखाली धरलेला शब्द
अखेर म्हणाला, "नो-हिटर."
रेडिओवर टेस्मर तेव्हा कुठे हात मागे नेत होता.
आम्ही तिघांनी तो शेवटचा चेंडू
निकाल माहीत असूनही
देवळात उभं राहावं तसा ऐकला.

लोक जिन्यांवरून सांडत खाली आले.
कुणी टोपी हरवलेली, कुणी रडून लाल.
एका दाढीवाल्याने मला मिठी मारली:
"पाहिलंस ना? पाहिलंस ना रे?"
"हो," म्हणालो.
एल्झी नोटा मोजत राहिला. मोजता मोजता चुकला.

गाडी लागली. मार्वाने पैसे घेतले नाहीत.

या शहरात आता पन्नास हजार माणसं भेटतील
त्या दिवशी तिथे असलेली.
माझं स्कोअरकार्ड फ्रिजवर चिकटवलंय.
चौथ्या इनिंगपर्यंत पेन्सिलच्या खुणा,
पुढे कोरे चौकोन.
ते भरता येतील, आकडे सगळे पाठ आहेत.
परवा मुलीने पेन्सिल आणून दिली.
टोक काढून ठेवलंय.